शून्य सांगणारे येमूल काका

येमूल काका माणसाच्या गळ्याकडे बघायचे. आमच्या लॅबमध्ये कोणी हेडसेट डोळ्यांवर चढवला की काका त्याच्या डाव्या बाजूला, एक पाऊल मागे, हात सैल सोडून उभे राहायचे. बसची वाट बघत असल्यासारखे. दोन-तीन मिनिटं गेली की मला म्हणायचे, "मॅडम, ह्यो दुसऱ्यांदा गिळला. थांबवा."

मी कॉम्प्युटरवर आकडे बघत बसलेली असायचे. आकड्यांत काहीच नसायचं. मी त्या पाहुण्याला विचारायचे, "कसं वाटतंय?" तो म्हणायचा, "एकदम भारी." काका पायाने निळी बादली पुढे सरकवायचे. अर्ध्या मिनिटात ती लागायचीच.

दोन वर्षं मी या माणसाबरोबर एका खोलीत काम केलं. रोज सहा-सात तास. मी फार बोलत नाही, त्यामुळे बघते बरंच, असा माझा स्वतःबद्दल समज होता. काकांच्या बाबतीत मी काय काय बघितलं नाही हे जेव्हा समोर आलं, तेव्हा बसलेला धक्का अजून पुरता ओसरलेला नाही. म्हणून लिहून ठेवते आहे.

काका साठीचे होते. बारीक अंग, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा. आवाज खोलीच्या मानाने फार मोठा. सोलापुरात पूर्व भागात एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं यंत्रमाग चालवले. तो कारखाना बंद पडल्यावर आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये कंत्राटावर लॅब अटेंडंट म्हणून लागले. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि काही मोजायचं असलं की पुन्हा तेलुगू. मीही मोजताना इंग्रजीत जाते, एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत अजून अडखळते. काकांना त्याचं कौतुक वाटायचं. "तुमी बी चोरून मोजता की, मॅडम," म्हणायचे.

माझ्या पीएचडीचा विषय सांगायला सोपा आहे. हेडसेट लावला की माणसाला समोर एक खोटी जागा दिसते. ती कितीही मोठी असू शकते, पण खरी खोली लहान असते. तो खरोखर चालत सुटला तर भिंतीवर आपटेल. मग त्या खोट्या जागेत त्याने फिरायचं कसं? आम्ही तीन पद्धती केल्या होत्या. पहिलीत हातातल्या यंत्राची लहानशी दांडी अंगठ्याने पुढे ढकलायची. सगळं जग आपल्याकडे सरकत येतं, आपण मात्र उभेच. दुसरीत जिथे जायचं तिथे रोख धरायचा, बटण दाबायचं, की एकदम तिथे. तिसरीत कवायतीसारखे जागच्या जागी पाय उचलायचे, तेवढं पुढे जायचं. यांतल्या कुठल्या पद्धतीत माणसाला किती मळमळतं, ते मला मोजायचं होतं. या पद्धतींना लांबलचक इंग्रजी नावं आहेत. काकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना गाडी, उडी आणि पाय अशी नावं ठेवली, आणि नंतर माझे मार्गदर्शक सरसुद्धा तीच वापरायला लागले.

"पहिलीला गाडी का म्हणता?" मी विचारलं होतं.

"गाडी लागती की. अक्कलकोटला जीपमधी मागं तोंड करून बसल्यावानी. डोळा म्हणतोय चाललो, कान म्हणतोय हुबा हाय. दोघांच्या भांडणात पोटाला मार."

मी त्याआधी याच विषयावरचे चाळीस-पन्नास लेख वाचले होते. त्यांत हेच लिहिलेलं होतं.

आमची खोटी जागा म्हणजे यंत्रमागाचा कारखाना होता. नव्या कामगारांना आत पाठवण्याआधी हेडसेटमध्ये सगळं दाखवावं, कुठे हात घालायचा नाही ते शिकवावं, अशी सरांची कल्पना. तो कारखाना मी फोटो बघून महिनाभर खपून तयार केला. काकांनी पहिल्यांदा हेडसेट घातला तेव्हा बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मला वाटलं, भारावले.

"हितं काम कोन करतंय?" शेवटी म्हणाले. "जमीन बघा. दवाखान्यासारखी."

मग त्यांनी माझ्याकडून जमिनीवर कापसाचे तंतू टाकून घेतले. दिवे वर घ्यायला लावले. मागांमधल्या वाटा निम्म्या केल्या. "एवढ्या वाटेनं म्हैस जाईल. मालक तेवढ्या जागेत आनखी एक माग बसवंल." चौथ्या मागाच्या कडेवर चहाचा ग्लासही ठेवायला लावला. तो कशासाठी, असं विचारलं तर म्हणाले, "ठिवा हो. कायम असतोय तितं."

उडी त्यांना आवडायची नाही. उडीत कोणाला फारसं मळमळत नाही, हे माझ्या नोंदींत स्पष्ट दिसत होतं, आणि मी त्यावर खूश होते. काका म्हणाले, "मळमळत न्हाय, खरं हाय. पन मी कुटनं आलो? वाटच गेली की. मागापासनं मागापर्यंत चालताना मानूस बघत जातोय, कुटं दोरा तुटला, कुटं तेल गळालंय. उडी मारून गेल्यावर काय बघनार?" पुढे मी लोकांना उडीनंतर कारखान्याचा नकाशा काढायला लावला, तर खरंच त्यांना आपण कुठून कुठे गेलो हे सांगता येईना. प्रबंधातल्या एका अख्ख्या प्रकरणाचा विषय मला असा मिळाला.

लॅबमध्ये येणाऱ्यांची ते मजा करायचे. एकदा कॉलेजच्या कबड्डी संघाचा कॅप्टन आला. हेडसेट घालता घालता म्हणाला, "काका, आपन रोज शंभर सूर्यनमस्कार घालतो. आपल्याला काय होत नसतंय."

"घाला की," काका म्हणाले. "बादली तुमच्या डाव्या हाताला हाय."

चौथ्या मिनिटाला त्याने जांभई दिली. काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. गाडी लागायची सुरुवात जांभईने होते, मग वरच्या ओठावर घाम, मग गिळणं, असा त्यांचा क्रम होता. मी थांबवते म्हटलं तर कॅप्टन म्हणाला, "चालू द्या मॅडम, मजा येऊलालीय." पुढच्या मिनिटाला तो बादलीवर वाकला होता. काकांनी त्याची पाठ चोळली, पाणी दिलं. मी कागद पुढे केल्यावर त्या मुलाने शून्य ते दहामध्ये स्वतःला किती गुण द्यावेत? दोन.

मी चक्रावले. बादली अजून समोर होती.

"पाव्हना जेवताना भाजी खारट हाय म्हनतोय का?" काका त्याच्यामागे दार लावून घेत म्हणाले. "तुमी चहा पाजता, बिस्कीट देता, एवढं नटवून दाखवता. वर विचारता, त्रास झाला का. कोन म्हनंल झाला?"

मी हे वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. फार हुशार निरीक्षण आहे, असं वाटलं. ते बोलणारा माणूस त्या दिवसापर्यंत किती वेळा हेडसेट घालून माझ्यासमोर उभा राहिला होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

कारण बाहेरच्या लोकांवर प्रयोग करण्याआधी गाडीचा वेग, वळण्याचा वेग, झटका किती बसावा हे सगळं ठरवावं लागतं. त्यासाठी रोज कोणीतरी हेडसेट घालून उभं राहायला लागतं, आणि असा माणूस सहज मिळत नाही. काका स्वतःहून म्हणाले होते, "मी हाय की." मग चार वाजता लॅब रिकामी झाली की आमचं ते काम चालायचं. वीस-वीस मिनिटांच्या दोन फेऱ्या. दर दोन मिनिटांनी मी विचारायचे, "काका, आकडा?"

"शून्य."

"वेग वाढवते आहे. आता?"

"शून्य. वाढवा की अजून. बत्तीस वर्षं मागापुढं हुबा ऱ्हायलोय मी, मला काय होतंय?"

मी वेग वाढवत गेले. ज्या वेगाला इतरांचा धीर सुटेल असं लेखांत लिहिलं होतं, त्या वेगाला काका शून्य सांगायचे. मला वाटलं, आपण गाडी फारच छान बसवली आहे. तोच वेग धरून मी बाहेरच्या लोकांवरचा प्रयोग सुरू केला, आणि संध्याकाळी काकांवर पुढचे बदल तपासत राहिले.

त्या वर्षात काका दोनदा सायकलवरून पडले. पहिल्यांदा कोपर सोललं. "कुत्रं आडवं आलं," म्हणाले. दुसऱ्यांदा गुडघा. "खड्डा." मी मेडिकलमधून मलम आणून दिलं, आणि वयाच्या मानाने आता सायकल नको, असं मनातल्या मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं नाही. मोठ्याने म्हणायच्या बऱ्याच गोष्टी मी मनात म्हणते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका संध्याकाळी पहिली फेरी झाली. काका "पानी पिऊन येतो" म्हणून बाहेर गेले. माझा डबा दुपारपासून तसाच पडला होता. तो धुवावा म्हणून मीही उठले आणि इमारतीच्या मागच्या नळाकडे गेले.

काका तिथे गुडघ्यांवर होते. एक हात भिंतीला. सगळं अंग आतून कोणी पिळावं तसं वळत होतं आणि आवाज मात्र होत नव्हता, इतकी त्यांना तो दाबायची सवय झालेली होती. मी कोपऱ्यावर थबकले. थोड्या वेळाने ते थांबले. चूळ भरली. नळाखाली जागा स्वच्छ केली. खिशातून बडीशेपेची पुडी काढून तोंडात टाकली. मग कंगवा काढून भांग पाडला, आणि दोन्ही तळव्यांनी गाल खसखसा चोळले, रंग परत यावा म्हणून. हे सगळं इतक्या सराईतपणे, एकामागून एक झालं, की हे आजचं नाही एवढं मला उभ्या उभ्या कळलं.

मी त्यांच्या आधी आत येऊन खुर्चीवर बसले. 

काका आले. "चला मॅडम. दुसरी फेरी."

आणि मी दुसरी फेरी लावली. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे.  ते हेडसेट घालून समोर उभे राहिले, मी बटण दाबलं, दोन मिनिटांनी माझ्याच तोंडून आलं, "आकडा?" त्यांनी सांगितलं, "शून्य." आणि मी शून्य लिहिलं.

घरी आल्यावर मी नोंदवही आणि काकांच्या रजेचे दिवस शेजारी ठेवून बघितले. दोन्ही वेळा ते पडले त्या संध्याकाळी मी गाडीच्या लागोपाठ तीन फेऱ्या घेतल्या होत्या. माझ्याच अक्षरात होतं सगळं. वेळेसकट.

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना सांगू लागले, "आज नको काका."

"का? माझं काय चुकलं का?"

"नाही. सेटिंग झालंय."

त्यांनी माझ्याकडे एकटक बघितलं. चार दिवस ते दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसले. पाचव्या दिवशी मी सही आणायला ऑफिसात गेले होते. परत आले तर लॅबमध्ये सर होते, एक कारखानदार होते, आणि मधोमध हेडसेट घातलेले काका. कीबोर्डवर सर स्वतः. वेग सगळ्यात वर.

"बघा," सर त्या कारखानदारांना सांगत होते, "साठीचा माणूस आहे. काय काका, किती?"

"शून्य, सर!" काका आपल्या मोठ्या आवाजात म्हणाले. मी दारात होते. तिथून मला त्यांची मान दिसत होती. ते गिळत होते, परत गिळत होते. पाहुण्यांसमोर सरांना कसं थांबवायचं, याची वाक्यं मी जुळवत राहिले. ती जुळेपर्यंत सरांनी हेडसेट उतरवून घेतला होता.

सकाळी लॅबला कुलूप होतं. किल्ली गेटवरच्या वॉचमनने दिली. "काका न्हाय येत आज. सायकलीवरनं पडले. काल जाताना बघितलो की मी, लई टाइट होते. झुलत चालले होते." तो हसला. तो काय म्हणतो आहे ते मला तेव्हा कळलंच नाही.

माझा जन्म सोलापुरातला, पण पूर्व भागात मी कधी आत शिरले नव्हते. पत्ता विचारत गेले. प्रत्येक गल्लीत मागांचा आवाज इतका की मी काय विचारते ते ऐकूच जाईना. पण लोक माझ्या ओठांकडे बघत आणि बरोबर हात दाखवत. काकांच्या दारात एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या, काकूच असाव्यात.

"येमूल काका...? मी कॉलेजमधून आले."

"झोपलाय," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "उतरली न्हाय अजून."

"काय उतरली नाही?"

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शिंदी. तुमच्यात काय म्हनतात त्याला?"

"काका पितात?" मी विचारलं.

"साठ वर्षं हात लावला न्हाय, आनि आता म्हातारपनी सुरू केलाय," काकू म्हणाल्या. बोटं थांबत नव्हती. "संध्याकाळी येतोय भिंती धरत. भाकरी खात न्हाय. मोरीत जाऊन वकतोय. विचारलं, गप. माझा भाऊ आला, गल्लीत चार मानसांसमोर विचारला, दाजी, पिऊन आलाव का? तरी गप. पोरीच्या सासरी कळालं. देवळात उत्सवाला पानी वाटायचं काम ह्यांच्याकडं असायचं, औंदा दुसऱ्याला दिले. आता हात मोडून बसलाय. तुमच्या कॉलेजात देतात का हो शिंदी?"

माझ्या कानात मागांचा आवाज होता की दुसरा कसला, कळत नव्हतं. मी पायरीवर बसले. आणि बोलायला लागले. नीट नाही, अर्धं इंग्रजीत, मागचं पुढं करत. काका पीत नाहीत. त्यांना मी एक यंत्र लावते. त्यात उभ्या माणसाला गाडी लागते. त्याने उलटी होते, झोक जातो, कधी कधी चार-चार तास उतरत नाही. सायकल तर चालवूच नये. हे सगळं मला माहीत होतं. ते पिऊन आले नव्हते, माझ्याकडून आले होते.

काकूंची बोटं थांबली.

"गॉगल लावून हुबं ऱ्हायलं की मानूस वकतोय?"

"हो."

"आनि तरी त्यो सांगत न्हाय?"

"नाही. शून्य म्हणतात."

"खोटं," त्या म्हणाल्या. "तुमी त्याला झाकूलालाव."

आतून खाट वाजली. काका दारात आले. उजव्या हाताला प्लास्टर, भांग मात्र पाडलेला. मला बघून त्यांनी पहिलं काय केलं, तर काकूंना म्हणाले, "चहा ठिव की."

"आधी सांगा तुमी," काकू म्हणाल्या. "ही काय म्हनती ते खरं हाय?"

काकांनी प्लास्टर सावरलं. मग मीच विचारलं, "काका, का नाही सांगितलं? काम जाईल म्हणून?"

"तसं न्हाय." ते चौकटीला टेकले. "एकदा सांगितलो की. पहिल्या आठवड्यात. तीन म्हनालो."

मला आठवत नव्हतं.

"तीन म्हनालो तर तुमचं तोंड एवढं झालं." त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं जवळ आणून दाखवली. "मागावर काय ऐकू येत न्हाय, मॅडम. बत्तीस वर्षं आमी एकमेकांचं तोंड बघूनच काम केलोय. तुमी कुनाशी बोलत न्हाय, हसत न्हाय. दुसऱ्या दिवशी शून्य म्हनालो. तुमी हसला. मग रोज कशाला तीन म्हनायचं?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. माझा चेहरा काही सांगत नाही, अशी माझी आयुष्यभराची खात्री होती. शाळेतल्या बाई तशी तक्रार करायच्या, आई अजून करते. आणि हा माणूस दोन वर्षं त्या चेहऱ्यावरून उत्तर वाचून मला तेच परत देत होता, आणि मी ते मोजमाप म्हणून लिहून घेत होते. नंतर मी वही काढून बघितली. पहिल्या आठवड्याच्या पानावर एक तीन आहे. त्याच्या खालपासून शेवटच्या पानापर्यंत शून्यं.

काकू उठल्या, सूप बाजूला ठेवलं. "मला पटत न्हाय," त्या म्हणाल्या. "दोघांचं आधी बोलून झालंय. उद्या मी येते. मला लावा त्यो गॉगल."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं रिक्षाने आली. काकूंनी जरीच्या काठाची साडी नेसली होती, लग्नाला निघाल्यासारखी. मी सरांना विचारलं नव्हतं. आतून कडी लावली आणि म्हटलं, "काकू, आधी पायाने चालून बघा. त्यात त्रास कमी होतो."

"ह्यांना काय लावत होता?"

"गाडी."

"तेच लावा. तेवढ्याच जोरात."

हेडसेट डोळ्यांवर आला आणि त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई! ह्यो तर आपला कारखाना!" हात पुढे करून त्यांनी हवेतच एक माग चाचपला. "चहाचा ग्लास बी ठिवलाय." मी दांडी त्यांच्या अंगठ्याखाली दिली आणि ढकलायला सांगितलं. सगळं सरकायला लागलं. काकूंची पावलं जमिनीवर घट्ट होती आणि वरचं अंग हळूहळू मागे चाललं होतं.

काका डाव्या बाजूला उभे राहिले. प्लास्टरमधला हात त्यांनी काकूंच्या पाठीमागे धरून ठेवला होता. दोन मिनिटं झाली असतील.

"थांबवा मॅडम," ते म्हणाले.

"थांबवू नको ग," काकू म्हणाल्या. "ह्यो किती वेळ हुबा ऱ्हायचा?"

"वीस मिनिटं," मी म्हटलं. "दोनदा."

"मग चालू दे."

"मॅडम, कपाळ बघा तिचं. थांबवा की!" काकांचा इतका वर चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. या खोलीत शेकडो माणसं त्यांनी शांतपणे सांभाळली होती. आता त्यांचाच चेहरा पांढरा पडला होता. "आता काय म्हनू नको, काढ ते! मी सांगतोय न्हवं?"

काकूंचे गुडघे वाकले. मी बंद केलं. काकांनी एका हाताने त्यांना धरलं, पायाने बादली ओढली. त्या वाकल्या. बराच वेळ वाकून होत्या. आणि मी, माहीत नाही का, सवयीने, विचारलं, "आकडा?"

"आकडा विचारतीया!" बादलीतून आवाज आला. "थांब, मला उठू दे, मग सांगते तुला आकडा!"

मला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. काका मात्र हसले नाहीत. ते काकूंची पाठ चोळत होते.

त्या खुर्चीवर टेकल्या, पदराने तोंड पुसलं. माझ्याकडे बघितलंही नाही. काकांकडे बघून तेलुगूत दोनच वाक्यं बोलल्या. मला अर्थ कळला नाही, पण काकांची मान खाली गेली. मग मराठीत, मलाही कळावं म्हणून, म्हणाल्या, "किल्ली द्या त्यांची त्यांना. घरी चला."

काकांनी जुडगा टेबलावर ठेवला. चारही किल्ल्या बोटाने सारून मोजल्या. "मोठी मागच्या दाराची हाय," म्हणाले. "वरच्या बाजूनं उचलून फिरवा, न्हायतर अडकती."

त्यानंतर काका कामावर आले नाहीत. मी सरांना सगळं सांगितलं. जमवलेल्या नोंदी बाद केल्या, गाडीचा वेग खाली आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला मी मधे पडदा लावून त्याच्या मागे बसायचे, आणि माणसं आपला आकडा स्वतः चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची. गाडीचे आकडे इतके वेगळे आले की सरांनी चिठ्ठ्या स्वतः पुन्हा उलगडून बघितल्या. प्रबंध एक वर्ष लांबला.

पण काकांचं शेवटचं दर्शन त्या दिवशी खिडकीतून झालं ते. बारा वाजत आले होते. दोघं गेटकडे चालत होती. काकूंना सरळ चालता येत नव्हतं, काकांना एका हाताने त्यांना नीट धरता येत नव्हतं, त्यामुळे दोघंही वाटेच्या या कडेपासून त्या कडेला जात होती. गेटबाहेर एक रिक्षा हळू झाली, रिक्षावाल्याने त्यांच्याकडे बघितलं आणि तो पुढे निघून गेला. दुसरीही गेली. वॉचमन स्टुलावरून उठला.

"काय काका!" त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. "आज तर दोघंबी?"

काका थांबले. तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी काकू बोलल्या. काकांच्या शर्टाची बाही मुठीत घट्ट धरून, डुलत्या डोक्याने, अख्ख्या आवारात ऐकू जाईल अशा आवाजात.

"व्हय. दोघंबी. काय म्हननं हाय तुजं?"

वॉचमन परत खाली बसला. तिसऱ्या रिक्षासमोर काकू सरळ रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. ती थांबली. त्यांनी काकांना आधी आत ढकललं आणि मग स्वतः चढल्या.